मामांचा डावा कान

आमच्या मामांना एक शब्द वर्ज्य होता. शिवी नव्हे. शिव्या ते मोकळ्या मनानं द्यायचे, आणि सावनेरकडचे असल्यामुळे त्या चांगल्या दणदणीत असायच्या. वर्ज्य होता तो 'उद्या' हा शब्द. त्यांना विचारावं, "मामा, उद्या ड्यूटी आहे का तुमची?" तर मामा म्हणणार, "बुधवारले हाय." "अहो, पण उद्या बुधवारच ना?" "मंग बुधवारच म्हणा ना बाप्पा!" वॉर्डातल्या एका ब्रदरनं एकदा पैजच लावली, की आज मामांच्या तोंडून हा शब्द काढून दाखवतो. दिवसभर त्यांच्या मागं मागं फिरला. शेवटी थकून त्यानं सरळच विचारलं, "मामा, आजच्या नंतरचा जो दिवस असते, त्याले काय म्हणतेत?" मामा म्हणाले, "त्याले काई म्हणत असतीन. तुले मात्र येडा म्हणतेत."

आमचा दवाखाना मनोरुग्णांचा. बुटीबोरीच्या रस्त्यावर, एका संस्थेचा. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत चूक दवाखान्याची नाही, माझी आहे. आमच्याकडे पुरुष अटेंडंटला सगळे मामा म्हणतात आणि बायकांना मावशी. तसे मामा आठ-दहा होते. पण नुसतं 'मामा' म्हटलं की पुरुष वॉर्डातले हे एकच. तीसेक वर्षं याच वॉर्डात काढलेली. अंगानं काटक, डोक्यावर पांढरे केस कातरीनं अगदी बारीक केलेले, कोणाच्या मुठीत सापडू नयेत म्हणून. शर्टाला साधी बटणं नाहीत, टिचबटणं. कोणी गळपट्टी धरून ओढली तर शर्ट टर्रकन उघडावा आणि माणूस सुटावा. ओळखपत्र गळ्यात नाही, खिशाला टाचणीनं लावलेलं. आमचे डॉक्टर गमतीनं म्हणायचे, "एक दिवस मामांनाच ऍडमिट करून घेतो." मामा म्हणायचे, "करा ना साहेब. आतून बी पाहून घेतो, स्टाफ कसा वागते ते."

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला रागावून सोडलं. मी लग्न होऊन दोन महिने झालेली, गळ्यात सासूबाईंनी हौसेनं गाठवून घेतलेलं मंगळसूत्र, चांगलं पक्क्या तारेतलं. मामांनी माझ्याकडे दीड हातावरून पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, हे काढा. फास हाय हा."

"मामा, मंगळसूत्र आहे ते."

"मले दिसते ना. पण धरणाऱ्याले थोडीच दिसते."

मी फणकाऱ्यानं निघून गेले. अर्ध्या तासानं एका मावशीला घेऊन ते परत आले. त्यांच्या खिशात कायम कच्च्या सुताचं एक रीळ असायचं. मावशीनं माझे काळे मणी, वाट्या, सगळं तारेतून काढून त्या कच्च्या सुतात ओवून दिलं. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या लग्न झालेल्या सिस्टर असंच कच्च्या दोऱ्याचं मंगळसूत्र घालत होत्या, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या महिन्यात एका पेशंटनं इंजेक्शनच्या भीतीनं माझ्या गळ्याला हात घातला. दोरा तुटला, मणी फरशीवर उधळले, आणि मी दोन पावलं मागं सरकून उभी राहिले, धडधाकट. मग सगळा वॉर्ड ओणवा होऊन मणी वेचत होता, त्यात तो गळा धरणाराही होता. घरी सासूबाईंनी तुटका दोरा पाहून अपशकुन झाला म्हणून डोळ्याला पदर लावला. मी त्यांना म्हटलं, "आई, तो तुटला म्हणून मी घरी आले."

त्या दिवसापासून मी मामांची चेली झाले.

मामांचं तत्त्वज्ञान फार मोठं नव्हतं, चारच नियम. ते म्हणायचे, "विनाकारण कोणी मारत नाही. कारण असते. आपल्याले भेटत नाही, तो भाग वेगळा." कोणावर हात उगारला गेला की बाकीचे औषध वाढवायला धावायचे आणि मामा कारण शोधायला. पोलिसासारखे शोधायचे. एक पेशंट होता, महिनोन् महिने गरीब गायीसारखा, आणि मधूनच कोणावर तरी धावून जायचा. मामांनी पंधरा दिवस त्याच्यावर पाळत ठेवली. मग एके दिवशी त्यांनी फर्मान काढलं, खांद्यावर दुपट्टा टाकून कोणी वॉर्डात यायचं नाही. नागपूरचा उन्हाळा, माणूस घाम पुसणार कशानं? सगळे वैतागले. पण त्या पेशंटला घरी दुपट्ट्यानंच खाटेला बांधून ठेवत असत, हे मामांनी त्याच्या म्हाताऱ्या आईकडून काढून आणलं होतं. दुपट्टे गेले आणि त्याचं धावणंही गेलं.

दुसरा नियम आवाज द्यायचा. मामांचे वडील कोळशाच्या खाणीत होते. खाणीत म्हणे आवाज दिल्याशिवाय कोणी कोणाच्या जवळ जात नसे. मामा वॉर्डात शिरताना, खाटेजवळ जाताना, कोपरा वळताना सांगत जायचे, "मी येऊन राहिलो गा. डाव्या बाजूनं येऊन राहिलो. हातात ताट हाय." बाहेरचा कोणी पाहील तर म्हणेल, हा माणूस स्वतःशीच बडबडतो. तिसरा नियम दाराचा. पेशंट आणि दार यांच्या मधे उभं राहायचं नाही, आणि आपणही कोंडून घ्यायचं नाही. "दरवाजा कोणाचा? ज्याले भेव लागते त्याचा. मारणारा शूर नसते सिस्टर, भेलेला असते."

आणि चौथा, हा 'उद्या'चा. त्याचं कारण मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाहेर कोणी तो शब्द लावून 'येतो' म्हटलं, तं आपण समजून जातो का हा काई येत नाही. इथं तो शब्द खराच असते. हे लोक रात्रभर जागतेत त्या शब्दासाठी. सकाळी आपण काय देतो? पुन्हा तोच. मी असतो तं मी बी मारलं असतं."

त्यांनी मार कमी खाल्ला नव्हता. पुढचे दोन दात खोटे होते, उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. नव्या मुलींना ते या गोष्टी दागिने दाखवावेत तशा दाखवायचे. "हे दात घाईचे. जेवणाच्या लाइनीत एकाले ढकललं होतं मी. हे बोट फुशारकीचं. एकटाच धरतो म्हटलं होतं." मारणाऱ्याचं नाव त्यात कधी नसायचं.

हे सगळं मी आता दर शनिवारी नव्या स्टाफला शिकवते. कच्चा दोरा, टिचबटणं, दार, आवाज. फळ्यावर चित्रं काढून शिकवते. पोरी हसतात, लिहून घेतात, शेवटी टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकताना मला खाली पाहावं लागतं. त्याचं कारण आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि माझ्यासारख्या फटकळ बाईला एवढी एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवता आली, याचीही लाजच वाटते.

सुखदेव म्हणून एक पेशंट होता. चाळिशीचा, मौद्याचा. तिकडच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. आला तेव्हा त्याला रात्रंदिवस कोणाचे तरी आवाज ऐकू यायचे. पाच-सहा महिन्यांत चांगला सुधारला. झाडांना पाणी घालायचा, म्हाताऱ्या पेशंटांची नखं कापायला मामांना मदत करायचा. डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही असं लिहून दिलं. मौद्याला त्याच्या भावाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ वाईट नव्हता, पण फोनवर रोज सांगायचा, "आज जमत नाही, उद्या येतो." सुखदेव विचारायचा तेव्हा मामा त्याला खरं तेच सांगायचे, "भाऊ येतो म्हणते, पण दिवस सांगत नाही. मले माहीत नाही गा कधी येते." सुखदेव कुरकुरायचा, आणि मग जेवायला बसायचा.

त्या दिवशी मामांची सुटी होती आणि संस्थेचे विश्वस्त पाहणीला येणार होते. चादरी बदलायच्या, औषधाचं कपाट लावायचं, मी सकाळपासून घामाघूम. आणि सुखदेव माझ्या टेबलासमोर. "सिस्टर, भाऊ कधी येते?" पाच मिनिटांनी पुन्हा, "सिस्टर, भाऊ?" विश्वस्तांची गाडी फाटकातून आत आली आणि हा टेबलाला टेकून उभा. माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या. उद्या सकाळी येते तुमचा भाऊ. जा, सामान बांधून ठेवा."

त्यानं मला हात जोडले. गेला. पाहणी छान पार पडली, विश्वस्तांनी वॉर्डाचं कौतुक केलं. मी 'उद्या' म्हटलं होतं हे मी चहा पिईपर्यंत विसरूनही गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले तर सुखदेव जाळीच्या दाराशी बसलेला. अंघोळ केलेली, केसांना तेल, मांडीवर कापडाची पिशवी, तिच्या तोंडाला गाठ. नाश्ता केला नव्हता. मी त्याच्याकडे न पाहता आत गेले. थोड्या वेळानं मामा आले, दीड हातावर उभे राहिले.

"सिस्टर, सुखदेवले तुमी काई म्हटलं का?"

"नाही मामा."

मामांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हटलं असन तं जाऊन सांगून द्या का चुकलं म्हणून. जेवणाच्या आधी सांगा. तो आइकून घेते. त्याले राग नाही राहत सांगतल्यावर."

मी म्हटलं, "बघते." पण बघितलं नाही. खरं सांगायचं तर त्या जोडलेल्या हातांची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मला राग येतो.

दीडच्या सुमाराला सुखदेव पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. मी भिंतीला पाठ लावून बसलेली, समोर टेबल, बाजूला कपाट. मामांनी शंभरदा बजावलेलं की असं बसायचं नाही.

"सिस्टर, भाऊ नाही आला."

मी मान वर न करता म्हटलं, "मग मी काय करू?"

"तुमी उद्या म्हटलं होतं."

"मी? मी कधी म्हटलं?"

तो ओरडला नाही. त्यानं पिशवी खाली ठेवली, नीट, आणि टेबलावरचा पाण्यानं भरलेला स्टीलचा जग उचलला. मला पळायला जागाच नव्हती. तेवढ्यात मामांचा आवाज आला, "सुखदेव, मी येऊन राहिलो गा, उजवीकडून," आणि मामा आमच्या दोघांच्या मधे आले. जग त्यांच्या डाव्या कानावर बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मामांनी त्याला धरलं नाही, ढकललं नाही. ते खाली बसले. कानातून रक्त येत होतं आणि मामा फरशीवर मांडी घालून म्हणत होते, "बस गा. हे पाह्य, मी बी बसलो." सुखदेव बसला. पिशवीवर डोकं ठेवून रडायला लागला. मग बाकीचे धावत आले आणि पुढं जे व्हायचं ते झालं. इंजेक्शन, एकट्याची खोली.

असं काही घडलं की आमच्याकडे एक अर्ज भरावा लागतो. त्यात एक ओळ असते, 'हल्ल्यापूर्वी काय घडले'. अक्षर चांगलं आलं. मी लिहिलं, 'काहीही नाही. रुग्णाने विनाकारण हल्ला केला.'

विनाकारण. मामांच्या वॉर्डात, मामांच्या रक्ताचे डाग फरशीवर असताना, मी हा शब्द लिहिला.

त्या दिवसांत आमच्या स्टाफनं काळ्या फिती लावल्या होत्या. मागण्या रास्त होत्या. एका मावशीचा हात मोडला होता, एका ब्रदरचा जबडा फुटला होता, आणि रात्रपाळीला एवढ्या मोठ्या वॉर्डात दोनच माणसं असायची. माझा कागद त्यांना सोन्याहून मोलाचा वाटला. इतका जुना, इतका सांभाळून वागणारा माणूस, आणि त्याच्यावरसुद्धा विनाकारण हल्ला! व्यवस्थापनाला नमावं लागलं. प्रत्येक टेबलाखाली धोक्याची घंटा बसली, माणसं वाढली, आणि नव्या स्टाफला शिकवण्याचं ठरलं. ती घंटा आजही माझ्या गुडघ्याशी आहे आणि ती हवीच होती. मागणी खरी होती, फक्त पुरावा खोटा होता. या वाक्यावर मी बरीच वर्षं रात्री झोपून गेले आहे.

शिकवायला अर्थातच मामांना नेमलं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा कोणी असं काही विचारलं होतं. डोक्याला पट्टी, डाव्या कानानं ऐकू येईना, पण त्यांनी सावनेरच्या एसटीतल्या कंडक्टरलासुद्धा सांगितलं, "शनिवारपासून मी मास्तर होऊन राहिलो."

आणि मग त्यांना कळलं की सुखदेवच्या फायलीवर लाल शाईनं 'हिंसक' लिहिलं आहे. भावाला दवाखान्यातून फोन गेला होता. भाऊ म्हणाला, "घरी दोन लहान लेकरं हायेत साहेब. कारण असतं तं समजलो असतो. विनाकारण मारते म्हणता, तं कसा आणू घरी?" त्याचंही काय चुकलं? कागदावर जे होतं त्याप्रमाणे तो बोलला.

मामा माझ्याकडे आले. "सिस्टर, 'विनाकारण' तुमी लिवलं?"

"हो मामा."

"कारण नोतं?"

मी म्हटलं, "तुम्ही आराम करा मामा. पट्टी ओली झाली तुमची."

ते गेले नाहीत. "तो कागद बदलवता येते का?"

"आता वर गेला तो."

"अच्छा," मामा म्हणाले. "वर गेला." आणि गेले.

पुढच्या सुटीच्या दिवशी मामा एसटीनं मौद्याला गेले, पट्टी बांधलेल्या डोक्यानं. दुकानात जाऊन भावाला म्हणाले, "भाऊ, तुमच्या माणसाची चूक नाही. मीच त्याले 'उद्या येते भाऊ' म्हणून सांगतलं होतं. मीच सामान बांध म्हटलं. तो सकाळपासून उपाशी बसून होता. त्यानं मले मारलं ते बरोबरच केलं." ज्या माणसानं तीस वर्षं तो शब्द तोंडातून काढला नाही, त्यानं तो असा, माझ्या वाटचा, उच्चारला.

भाऊ रागावला. रागाच्या भरात दवाखान्यात आला, तक्रार लिहून दिली की तुमच्याच माणसानं आमच्या माणसाला चिथावलं, आणि सुखदेवला घेऊन गेला. सुखदेव त्याच कापडी पिशवीसह मोटारसायकलवर मागं बसला. त्याच्यासाठी मामांनी जे करायचं ते केलं होतं.

मेट्रननं मला बोलावलं. "सिस्टर, तुम्ही तर विनाकारण लिहिलं होतं. आणि मामा म्हणतात त्यांनी पेशंटला खोटं सांगितलं. हे काय आहे?"

दार उघडं होतं. पंखा चालू होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, मॅडम, खोटं मी बोलले. मला आठवतंय, मी तोंड उघडलंही होतं. आणि मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं मॅडम. मामांनी मला सांगितलं नाही."

त्या स्टीलच्या जगाचा फटका सुखदेवनं मारला. हा दुसरा मी मारला, आणि मला तर कोणी उपाशी ठेवलं नव्हतं.

मामांना मेमो निघाला. वॉर्डाची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून तो त्यांना द्यायचं कामही माझ्याकडेच आलं. मामांनी कागद हातात घेतला, चष्मा चाचपला, तो घरी राहिला होता. म्हणाले, "वाचून दाखवा सिस्टर."

मी त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि वाचायला लागले. "आपण रुग्णास घरी नेण्याबाबत खोटे आश्वासन दिले..."

"जोरात वाचा. आइकू नाही येत."

मी आवाज चढवला. "खोटे आश्वासन दिले. त्यामुळे रुग्ण उत्तेजित झाला. आपले हे वर्तन आपल्या सेवेस अशोभनीय आहे." सगळा वॉर्ड ऐकत होता. ज्या म्हाताऱ्यांची नखं मामा कापायचे ते खाटेवर उठून बसले होते. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर लिवलं हाय," म्हणाले आणि सही केली. ते मला शिक्षा करत होते का, असं मी पुढं अनेकदा स्वतःला विचारलं. तसं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते शिक्षा करत नव्हते. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ते आठ महिने मामांना धोबीखान्यात बसवलं. पेशंटच्या जवळ जायचं नाही. शनिवारचं शिकवणंही त्यांच्याकडून काढून घेतलं आणि, मामांच्या हाताखाली सगळ्यात जास्त शिकलेली म्हणून, मला दिलं. मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं तर का, हे सांगावं लागलं असतं.

धोबीखान्यात कपडे न्यायला आलेल्या एका नव्या पोरीनं त्यांना विचारलं होतं म्हणे, "मामा, हे दात घाईचे, बोट फुशारकीचं. अन् हा कान?" मामा म्हणाले, "हा कान 'उद्या'चा." ती पोरगी हसत हसत आमच्याकडे येऊन सांगत होती. सगळे हसले. मीही हसले, ते सर्वांत वाईट.

निवृत्तीनंतर वर्षभरातच मामा गेले. झोपेत, कोणाला न सांगता. आयुष्यात एकदाच ते आवाज न देता कुठं गेले असतील. त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, अंगणात पांढरा मंडप, बुद्धवंदना झाली. वंदनेनंतर ज्याला बोलायचं त्यानं चार शब्द बोलायचे, अशी रीत. भन्तेजींनी विचारलं, दवाखान्यातून कोणी बोलणार का, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. मी कच्च्या दोऱ्याचं सांगितलं, दुपट्ट्याचं सांगितलं, त्या पैज लावणाऱ्या ब्रदरचं सांगितलं. रडणारी माणसं हसायला लागली. मामांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मग मी म्हटलं, "आणि एक गोष्ट सांगायची आहे." सगळे थांबले. समोर तिसऱ्या ओळीत पांढऱ्या शर्टात सुखदेव बसला होता. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्यानं मान जराशी हलवली, बोला म्हणाल्यासारखी. मी म्हटलं, "मामांसारखा माणूस पुन्हा होणे नाही." आणि खाली बसले.

सुखदेव महिन्यातून एकदा गोळ्या न्यायला येतो. माझी ड्यूटी आता बाहेरच्या रुग्णांकडे आहे. भावाच्या दुकानात तो पंक्चर काढतो, नखांत काळं असतं, तब्येत चांगली आहे. नमस्कार सिस्टर म्हणतो, गोळ्या घेतो, जातो. मागच्या खेपेला गर्दी नव्हती. मी धीर करून विचारलं, "सुखदेव, त्या दिवशी तुम्हाला 'उद्या' मी म्हटलं होतं. तुम्ही कोणाला सांगितलं नाही. काहून?"

तो म्हणाला, "मामानं नाही म्हटलं होतं. मी सांगणारच होतो. मामा म्हणे, तू सांगतलं तं चुगली होते. सिस्टर स्वतः येऊन सांगतीन. भेव गेलं का सांगतीन, तू पाह्य."

माझ्या हातात त्याच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

"मंग? सांगतलं का तुमी मामाले?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही."

त्यानं माझ्या हातातून पाकीट घेतलं. "ते वाट पाहत होते," म्हणाला. "मी भेटाले येत होतो ना धोबीखान्यात त्याइले. ड्यूटी सुटली का ते अर्धा घंटा पायरीवर बसून राहत. मी म्हणो, मामा, एसटी चुकन तुमची. ते म्हणत, बस गा थोडा, सिस्टर इकडूनच जातेत घरी."

धोबीखाना पुढच्या फाटकाजवळ आहे. त्या आठ महिन्यांत मी रोज मागच्या फाटकानं घरी जात होते.